बारा कुंड्या, एक दिवा

रुआबांधा, भिलाई
सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

चि. अतुल,

सप्रेम जयभीम.

मागच्या अंगणातल्या सहाही कुंड्यांना कळ्या आल्या आहेत. गेटजवळच्या सहा कुंड्यांना एकही नाही. आज सकाळी साडेसहाला मी मोजलं, सातला तुझ्या आईने मोजलं आणि आठला शेजारच्या नत्थूची नात खुशबू हिने भिंग घेऊन एकेक शेंडा पाहिला. तिघांचा आकडा सारखाच आला. मागे एकशे अठरा, पुढे शून्य.

चौदा वर्षांनी बापाचं पत्र यावं आणि त्यात कळ्यांची मोजणी असावी, म्हणून कागद बाजूला ठेवशील. ठेवू नकोस. मला दुसऱ्या पद्धतीने लिहिता येत नाही. बत्तीस वर्षं कोक ओव्हनच्या बॅटरीवर, त्या भट्ट्यांच्या रांगेसमोर, शिफ्टचं लॉगबुक लिहिलं. आधी काय दिसलं ते लिहायचं, मग कोणी पाहिलं, आणि बाकीचं त्याच्यानंतर. तुला फोन करायची हिंमत नाही, हेही त्या बाकीच्यातच येतं.

बाराही कुंड्यांत आपली कापूसवाली शेवंती आहे. तुला आठवत असेल. दुर्गच्या विद्याधरजींनी मला तिची बोटभर फांदी दिली होती, ओल्या पेपरात गुंडाळून. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. पहिलं फूल उमललं तेव्हा तुझी आई म्हणाली, "हे तं बोंड फुटल्यावानी दिसते." पुलगावकडची बाई, तिला पांढरं काहीही दिसलं की कापूसच आठवतो. तेव्हापासून कापूसवाली. तू डालड्याच्या डब्याने तिला पाणी घालायचास आणि अर्धं स्वतःच्या पायावर.

आता ऑगस्टमध्ये काय झालं ते सांगतो. तुझ्या आईच्या धुण्याच्या दगडाजवळ एक कुंडी असते. तिच्यातल्या रोपाचे बारा शेंडे मी जुलैत रेतीत रोवले होते आणि बाराही जगले. मोठ्या कुंड्यांत लावले तेव्हा गल्लीतल्या बकऱ्यांची भीती वाटली. म्हणून सगळ्या गेटजवळ दिव्याखाली मांडत होतो. खुशबू उद्यानविद्येच्या कॉलेजात शिकते. ती कुंपणावरून म्हणाली, "आबाजी, हा लाईट रात्री चालू राहते का?"

"हाव. रातभर. बकऱ्या येतात ना."

"मग इथे नका ठेवू. रात भर लाईट ठेवसान तं शेवंती फुलणारच नाही. पत्ते खूप येतील, कली एक नहीं."

मी विचारलं, "उजेडाने झाडाचं काय बिघडते? उजेड तं चांगलाच."

ती हसली. म्हणाली, "शेवंती उजेड नाही मोजत आबाजी, अंधार मोजते. सलग. रात्र एका मापाहून लांब झाली की तिला समजते, थंडीचे दिवस आले, आता फुलायचं. मधातच लाईट लागला तर तिची मोजणी तुटते. फिर एक से शुरू. रोज असंच झालं तर तिच्यासाठी जूनच चालू आहे."

मी गेटजवळच्या पायरीवर बसलो. खुशबूला वाटलं ऊन लागलं. तिने पाणी आणलं.

त्या वर्षी, २०१० साली, सेक्टर सातच्या क्वार्टरच्या गेटवर दिवा होता. सप्टेंबरपासून तो रात्रभर जळत होता. कुंड्या त्याच्याच खाली होत्या. अठरा होत्या. छातीइतकी उंच झाडं, पानं काळी हिरवी, आणि क्लबच्या प्रदर्शनाला आठ दिवस उरले तरी एक कळी नाही. मातीवर पांढरा थर दिसला. मी चाखून पाहिलं, खारट लागलं. त्याच्या आदल्या आठवड्यात तू म्हणाला होतास की, बाबा, या कुंड्यांकडे पाहता तेवढं माझ्याकडे पाहत जा. ते वाक्य आणि तो थर मी जोडले. तू मातीत मीठ घातलंस असं ठरवलं. गल्लीसमोर ठरवलं. रात्री उठून दिवा विझवून पाहावं, एवढं डोक्यात आलं नाही. उलट माझ्या झाडांना दिवा आहे याचा मला अभिमान होता. ज्या कारखान्यात बॅटरी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझू देत नाहीत, तिथल्या माणसाला विझवणं सुचत नाही.

कुंड्यांचं लॉगबुक मी ठेवायचो, तेही तुला आठवत असेल. त्यात २७ नोव्हेंबरला मी लिहिलं: "एकाही कुंडीस कळी नाही. कारण: अतुलने मातीत मीठ घातले." मी सही केली. मग तुला बोलावून वही पुढे केली. तू वाचलंस, पेन घेतलंस, सही केलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बिलासपूरला निघून गेलास.

चौदा वर्षं मी त्या सहीला कबुली समजत आलो.

खुशबूने सांगितलं त्याच दिवशी तुला लिहिता आलं असतं. पण ते तिचं पुस्तकातलं होतं, आणि मी एकदा नुसत्या तर्कावर नोंद केलेली आहे. म्हणून सहा कुंड्या मागे अंधारात नेल्या आणि सहा दिव्याखाली ठेवल्या. माती तीच, शेणखत तेच, पाणी एकाच नळाचं. काड्यांचा आधार, शेंडे खुडणं, सगळं एकाच दिवशी. एक सप्टेंबरपासून आजपर्यंत. पांढरा थर बाराही कुंड्यांवर आला आहे. खुशबू म्हणते तो आपल्या पाण्याचा आणि खताचा खार आहे, मातीच्या कुंडीवर येतोच.

आज शेवटची मोजणी झाली. सकाळी नऊला मी गेटचा दिवा काढला.

चुकीची नोंद लॉगबुकात खोडून काळी करायची नसते. एका रेघेने कापायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं लिहायचं, तारीख घालायची आणि दोघांनी सही करायची. मी रेघ मारली आहे. एक सही झाली आहे. दुसरीची जागा रिकामी आहे.

तुझा,
बाबा


रुआबांधा
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

चि. अतुल,

जयभीम.

माझं पत्र तुला सव्वीस तारखेला मिळालं. आम्रपालीने फोनवर तुझ्या आईला सांगितलं. तू ते उभ्याउभ्या वाचलंस आणि ड्यूटीच्या बॅगेत ठेवलंस, हेही सूनबाईनेच सांगितलं. मग काल तू आईशी बोललास. आई मेथी निवडत होती. फोन ठेवून तिने माझ्याकडे न पाहता निरोप दिला: "पोरगा विचारते, तो दिवा लावला कोणी होता."

त्याच्याकडे येतो.

इथे दिवाळी झाली. गल्लीत सगळ्यांनी माळा लावल्या, आपल्या भिंतीपलीकडे तर तीन रंगांची, उघडझाप करणारी. मी तीन दिवस संध्याकाळी पाच वाजता बाराही कुंड्यांवर काळी ताडपत्री टाकली आणि सकाळी सातला काढली. खुशबू म्हणाली, "मागच्यांना आता काही नाही होत, आबाजी. कळ्या बनल्या. अब वो पीछे नहीं जाएँगी." तरी मी टाकली. तुझी आई म्हणाली, "पोरं लहान होते तं कधी पांघरूण नाही घातलं यायनं."

खुशबूने दुर्गच्या बाजारातून एक सुटी शेवंती आणली होती, हारातली, साधी पिवळी. म्हणाली, "आबाजी, हे किती फुलं आहेत?" मी म्हटलं एक. तिने ताटात पांढरा कागद टाकला, फूल उभं चिरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं.

अतुल, मी अडुसष्ट वर्षांचा झालो. तीस वर्षं शेवंती लावली, प्रदर्शनात दोनदा पहिला आलो. आपण ज्याला पाकळी म्हणतो ती पाकळी नाही. प्रत्येक पाकळी हे एक पूर्ण फूल आहे. तिच्या बुडाशी बारीक नळी आहे, नळीतून स्त्रीकेसराची दोन टोकं बाहेर आलेली असतात. मधली पिवळी टिकली आहे ना, तीही फुलंच, एकमेकांना खेटून उभी, प्रत्येकाला पाच दातांचं तोंड, आणि आत परागाची नळी. मी चिमट्याने एकेक काढून कागदावर रांगेत लावत गेलो. दुपारचे दोन तास. दोनशे सत्तेचाळीस भरली. एका देठावर दोनशे सत्तेचाळीस फुलं बसली होती आणि मी जन्मभर एक म्हणत होतो. झेंडू तसाच, सूर्यफूल तसंच, शेतातली करडई तशीच. सगळं हे एकच कूळ, असं खुशबू सांगते.

तुझी आई ताट उचलायला आली तर मी उचलू दिलं नाही. ती म्हणाली, "मले सैपाकाले ताट पाहिजे." मग तिनेही भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "सारेच्या सारे उभे हायेत. गर्दीत एक बी वाकला नाही." आणि दुसरं ताट घेतलं.

दिव्याचं विचारलंस. दिवा घरचाच होता.

मागच्या कुंड्यांत मोठ्या फुलासाठी बाजूच्या कळ्या खुडायच्या असतात. उद्या ते काम आहे.

बाबा


रुआबांधा
बुधवार, ६ नोव्हेंबर २०२४

चि. अतुल,

तो दिवा मी लावला होता. तुझी आई याची साक्षीदार आहे. मी स्टुलावर चढलो तेव्हा स्टूल तिने धरलं होतं.

परवाचं पत्र टाकायच्या आधी मी आईला वाचायला दिलं असतं तर ते टाकलंच गेलं नसतं. पेटीत टाकून आल्यावर सांगितलं काय लिहिलं ते. ती चूल पुसत होती, तशीच थांबली.

"दोन पानं फुलाचे तुकडे मोजले," म्हणाली, "अन् पोराच्या सवालाले अर्धी ओळ. घरचाच होता म्हणे. घर चढलं होतं का स्टुलावर?"

मी म्हटलं, पुढच्या पत्रात लिहिणार होतो.

"तुमचं पुढचं चौदा वर्षांनी येते. मी राहतो का तोवर?"

तेव्हा आता लिहितो, आणि ती समोर बसली आहे.

ऑगस्टच्या शेवटी मी पॉवर हाऊसच्या बाजारातून दोनशे वॅटचा बल्ब आणला. गेटच्या खांबाला बांबू बांधला आणि व्हरांड्यातून वायर ओढली. शेजाऱ्यांना सांगितलं की कुंड्या चोरीला जातात. एकही कुंडी कधी चोरीला गेलेली नव्हती. तू रोज रात्री उशिरा यायचास, मागच्या दाराने. कुठे होतास विचारलं तर मित्राकडे म्हणायचास. मी तुझं नाव प्लांटच्या अप्रेंटिसशिपसाठी बोलून ठेवलं होतं आणि तू म्हणाला होतास, मले बॅटरीवर नाही जायचं. मला वाटलं पोरगा हातातून जाते. मागचं दार मी आतून कुलूप लावून बंद केलं, म्हणजे तुला गेटनेच यावं लागेल, आणि गेटवर दिवा लावला, म्हणजे किती वाजता येतोस, कोणाबरोबर येतोस, पाय नीट पडतात का, हे मला खिडकीतून दिसेल.

फुलांसाठी तो दिवा नव्हताच. तुझ्यावर नजर ठेवायला होता.

तीन महिने मी खिडकीत बसून तुला येताना पाहिलं. तू दर वेळी एकटा होतास. बगलेत पुस्तकं होती. रेल्वेच्या परीक्षेचा अभ्यास तू इथे, रुआबांध्यात, नत्थूच्या ओसरीवर करायचास, हे मला आता खुशबूच्या बोलण्यातून कळलं. ती सात वर्षांची होती, तुला चहा आणून द्यायची. पुस्तकं मला तेव्हाही दिसली होती. दोनशे वॅटमध्ये न दिसायला काय झालं. पण मी ज्यासाठी बसलो होतो ते पुस्तक नव्हतं, म्हणून मी ती पाहिली नाहीत.

आणि त्याच उजेडात ती अठरा झाडं उभी होती. डोळे नाहीत, कान नाहीत. खुशबू म्हणते उजेड पानाला समजतो. पान पाहतं आणि शेंड्याला कळवतं, आणि त्या निरोपावर शेंडा ठरवतो की पान काढायचं की फूल. हा निरोप नेमका कोणत्या वाटेने जातो ते शोधायला शास्त्रज्ञांची आयुष्यं गेली. आमच्या बॅटरीवर एका ओव्हनची उष्णता मोजायला चार माणसं, दोन यंत्रं आणि एक मी, आणि तरी चुका व्हायच्या. इथे एक पान. रोज रात्री किती अंधार झाला ते नोंदवतं, कमी पडला तर खोटं लिहीत नाही, आणि माप भरल्याशिवाय पुढचं काम सुरू करत नाही. ती झाडं तीन महिने मला रोज सकाळी एकच गोष्ट सांगत होती, की आमच्यावर दिवा आहे. मी रोज सकाळी पाणी घालून वहीत लिहायचो: "कळी नाही. कारण अज्ञात."

कारण अज्ञात एवढंच लिहून ठेवलं असतं तरी चाललं असतं. बॅटरीवर आम्ही तसं लिहायचो, त्यात कमीपणा नसतो.

तुला दोष लावल्यानंतर मी ती अठराही रोपं उपटून कंपाउंडबाहेर फेकली. तेव्हा तुझ्या आईने एक फुटवा पदरात घातला आणि धुण्याच्या दगडामागे रोवला. तिथे दिवा नव्हता. दर वर्षी डिसेंबरात तो फुलत आला, क्वार्टर सोडून इथे आलो तरी. मी तिला म्हणायचो, तुझ्या हाताला गुण आहे. ती म्हणायची, "मी तं साबणाचं पाणी टाकतो तिथे."

एक गोष्ट अजून. शेवंतीची फांदी रोवली तर जे येतं ते तिचं पोर नसतं, तीच असते. बियांचं वेगळं. म्हणजे आज मागच्या अंगणात कळ्या घेऊन उभं असलेलं झाड हे तुझ्या डालड्याच्या डब्यातलं पाणी प्यालेलं झाड आहे. जागा तीनदा बदलली, मूळ जुनं होऊन सुकलं, फुटव्यावर फुटवे आले, पण झाड तेच. ते रोज सकाळी पाहतो आणि त्याच्यासमोर उगाच उभा राहतो.

तुझी आई म्हणते आता बस, सही करा.

दिवा लावणारा,
देवीदास नगराळे


रुआबांधा
गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४

चि. अतुल,

जयभीम.

गेटजवळच्या सहा कुंड्यांना कळ्या आल्या. काल संध्याकाळी चार वाजता तुझ्या आईला पहिली दिसली. आज सकाळी खुशबूने भिंगाने खात्री केली. ज्वारीच्या दाण्याएवढ्या आहेत, सहाही कुंड्यांत, प्रत्येक शेंड्यावर.

दिवा काढून अडतीस दिवस झाले. मी खुशबूला विचारलं, ही झाडं तर मेल्यात जमा होती ना, दोन महिने उजेडात ठेवली. ती म्हणाली, "मेली कुठे आबाजी? थांबली होती. अंधेरा मिला, गिनती शुरू. आता हे जानेवारीच्या शेवटी फुलतील. बस लेट चल रही हैं." रेल्वेवाल्याच्या घरात शोभेल असं बोलली.

मी हे ऐकून घरात गेलो आणि ती जुनी वही काढली. २०१० ची अठरा झाडं मी २७ नोव्हेंबरला उपटली. त्या दिवशी नुसता बल्ब काढला असता आणि गप्प बसलो असतो, तर मार्चच्या सुरुवातीपर्यंत अठराही फुलली असती. प्रदर्शन हुकलं असतं, एवढंच.

मागच्या कुंड्या उमलल्या आहेत. एका काडीवर एक फूल ठेवलं, ओंजळीत मावत नाही. पाकळ्या, म्हणजे त्या सगळ्या बारीक फुलांच्या जिभा, आत वळून बसल्या आहेत आणि सकाळी त्यांच्यावर दव असतं तेव्हा बोंड आणि फूल यात तुझ्या आईला फरक करता येत नाही. नत्थू काठी टेकत पाहायला आला होता. आयुष्यभर माझ्या बरोबरीने बॅटरीवर उभा राहिलेला माणूस. म्हणाला, "देवीदास, कारखान्यातून एवढं पांढरं काही निघालं नाही आपल्या हातून." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुले माहीत होतं का, तो माझ्या ओसरीवर बसे?" मी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "मी सांगतलं असतं. तू विचारलं कुठे?"

परवा तुझ्या आईशी तू अर्धा तास बोललास. मी दारात उभा होतो, ते तुला आईने सांगितलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. तू विचारलंस, "वही फाडली का ठेवली?" ती म्हणाली ठेवली. मग तिने तुला विचारलं जे मी विचारायला हवं होतं, चौदा वर्षांपूर्वी, त्याच क्षणी. पोरा, केलं नव्हतं तं सही कावून केली होती?

फोन ठेवल्यावर तिने ताटं घेतली. जेवण वाढलं. मी घास घेतला तेव्हा म्हणाली, "तुमी दोन दिवस जेवले नव्हते तेव्हा. त्याले वाटलं, सही केली की बाबा जेवतीन."

मी जेवलो होतो, अतुल. त्या रात्री तू सही केल्यावर मी हात धुतले आणि पोटभर जेवलो. तू समोर बसला होतास. हे मला आठवत आहे. वहीत कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

चरोद्याच्या यार्डात तू मालगाडी सोडून परत जातोस, हे मला आठ वर्षांपासून माहीत आहे. कोणत्या दिवशी, ते तुझी आई सांगते. त्या दिवशी मी सायकलने कुम्हारीच्या रस्त्याला जातो, पुलाजवळ उभा राहतो आणि जे इंजिन जाईल त्याच्याकडे पाहतो. कोणत्या इंजिनात तू आहेस ते मला कधीच ओळखू आलं नाही. आता सांगितलं. लपवलेलं काही उरलं नाही.

आम्रपालीने काल सांगितलं की पाच तारखेला तुझी ड्यूटी नाही, आणि तुम्ही तिघं येणार. माझ्या नातीला, संघमित्राला, मी फोनच्या काचेतच पाहिलं आहे. तिला झाडांना पाणी घालायला आवडतं, असं सूनबाई म्हणाली. तुझा डालड्याचा डबा आईने ठेवला आहे. बुडाला गंज आहे, गळतो, म्हणजे अर्धं पायावर पडेल. सहा तारखेला सकाळी तुझी आई मागची फुलं घेऊन विहारात जाईल, बाबासाहेबांच्या फोटोजवळ ठेवायला. दर सहा डिसेंबरला ती एकच फूल न्यायची. यंदा ओंजळी भरून होतील. कापायची कात्री तुझ्याकडे द्यायची, असं तिने ठरवलं आहे.

बॅटरीवर शिफ्ट संपली की लॉगबुकात शेवटी एक रकाना असायचा, पुढच्या पाळीला सूचना. तेवढं लिहून थांबतो.

पाच तारखेला सूर्य साडेपाचच्या आत बुडेल. तुमची लोकल पॉवर हाऊस स्टेशनला सातच्या सुमारास येईल, म्हणजे घरापर्यंत पोहोचाल तेव्हा पूर्ण अंधार असेल. गेटच्या कळ्या अजून कोवळ्या आहेत, खुशबू म्हणते त्यांना अजून पंधरा रात्री सलग हव्यात. म्हणून गेटवर दिवा लागणार नाही. ओसरीवरही नाही. समोरची खिडकी पडदा लावून बंद असेल. गल्लीतून पाहिलंस तर घर रिकामं वाटेल. तसं समजून परत फिरू नकोस. गेटला कुलूप नाही, ढकललं की उघडतं. डाव्या हाताला सहा कुंड्या, उजव्या हाताने भिंत धरून या, पायऱ्या तीन आहेत. संघमित्राला कडेवर घे.

मी अंधारातच बसलेला असेन, पहिल्या पायरीवर. वही आतल्या खोलीत टेबलावर उघडी आहे, तिथे उजेड आहे. पण आधी जेवण होईल, तुझी आई म्हणते, सही नंतर.

तुझा,
बाबा